सायलेन्सरची जाळी, पेनं ठेवायला

माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. मी मोटारसायकलच्या सायलेन्सरमधली जाळी आहे आणि माझं डोकं फिरलेलं आहे. माझी गोष्ट ऐकलीत तर तुमचंही फिरेल. नाही फिरलं तर समजा, तुमच्याही घरात असली एखादी गाडी आहे.

आधी ओळख. सायलेन्सरच्या तोंडाशी, आतल्या बाजूला, भोकाभोकांची एक वीतभर पोलादी नळी बसवलेली असते. ती मी. इंजिनातून सुटलेला आवाज माझ्या भोकांतून फिरतो, अडखळतो, दमतो आणि मग बाहेर पडतो. आत असते तेव्हा ती बोंबाबोंब असते, बाहेर येते तेव्हा तिचं बोलणं झालेलं असतं. एवढंच माझं काम, आणि ते मला उत्तम येतं. खोक्यावर माझं नाव 'डीबी किलर', म्हणजे आवाजाचा मारेकरी, असं झोकात छापतात. दुकानात मात्र सगळे मला 'जाली' म्हणतात.

माझा जन्म फरिदाबादच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. सपाट पत्रा होते, त्याला भोकं पाडली, गुंडाळलं, वेल्डिंगनं शिवण घातली आणि एका टोकाला रुंद कडं बसवलं. मग मला नव्याकोऱ्या सायलेन्सरमध्ये सरकवून बाहेरून एक बोल्ट पिळला. एकच. मला वाटलं, एक पुरत असेल. पुढे कळलं की काढायला सोपं जावं म्हणून एकच ठेवतात. मला बनवणाऱ्यांनाच ठाऊक होतं की मी तिथं राहणार नाही. तिथून माझा राग सुरू होतो.

करोलबागेतल्या एका दुकानात मी काचेमागे बसून होते. एके दिवशी आर्यन पाटणकर नावाचा मुलगा त्याचा मित्र गौरव याला घेऊन आला. गुरुग्रामच्या एका काचेच्या टॉवरमध्ये नुकतीच नोकरी लागलेली, पहिल्या पगाराची धुंदी. त्यानं सायलेन्सर निवडला, मिस्त्रीनं तो गाडीला चढवला आणि पाना हातात तसाच ठेवून विचारलं, "जाली निकाल दूँ ना, भैया?"

चहात साखर घालू ना, असं विचारावं तसं. उत्तर काय येणार हे त्याला माहीत होतं.

"हाँ हाँ, निकाल दो," आर्यन म्हणाला. "जाली के साथ क्या मजा."

बोल्ट फिरला आणि मी बाहेर. धुराचा एक कणही मला शिवला नव्हता. मिस्त्रीनं किक मारली तेव्हा समोरच्या फळवाल्यानं दचकून मान वळवली, एका बाईनं कडेवरच्या बाळाचे कान झाकले, आणि आर्यनचा चेहरा खुलला. बाळाचे कान झाकले गेले म्हणून खुलला, हे मी माझ्या भोकांनी पाहिलं. माणसाला आपल्याकडे लोकांनी बघावं असं वाटतं, ते मी समजू शकते. पण आपण गेल्यावर लोक आपल्याला काय म्हणतात, ते गाडीवरच्याला कधी ऐकूच येत नाही.

मला प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी घरी आणलं. आर. के. पुरमच्या सरकारी वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर पाटणकर राहतात. दिनकर पाटणकर केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात अधिकारी. उभी हयात दिल्लीत गेली, पण घरात अजून मराठीच बोलतात. बायको नीला. आर्यन एकुलता एक. त्यानं मला आपल्या टेबलाच्या खणात, जुने चार्जर आणि तुटके इयरफोन यांच्यात ढकललं. खण बंद.

एक गोष्ट मात्र मला खणातही ऐकू यायची. आर्यन घरी आला की गाडीचा आवाजच नसायचा. मी चक्रावले. मी इथं असताना ती गाडी गप्प कशी? मग एकदा तो फोनवर गौरवला फुशारकीनं सांगत होता, तेव्हा उलगडा झाला. वसाहतीच्या फाटकाआधीच्या वळणावर तो इंजिन बंद करायचा. तिथून रस्ता उताराचा आहे. गाडी न्यूट्रलमध्ये घरंगळत थेट जिन्यापर्यंत यायची. सकाळी ढकलत फाटकाबाहेर न्यायची आणि मग चालू करायची. "घर पे किसी को पता ही नहीं, यार," तो म्हणाला आणि हसला.

दिनकररावांना याचा केवढा अभिमान. आल्यागेल्याला सांगायचे, "आजकालच्या पोरांच्या गाड्या बघा, कान फुटतात. आमचा आर्यन कधी आला ते कळतसुद्धा नाही."

ऐकणारे मान डोलवायचे आणि चहाच्या कपात बघायचे. अख्ख्या वसाहतीला माहीत होतं. वळणापलीकडचा तो फटफटाट कुणाचा, हे भाजीवाल्यालासुद्धा माहीत होतं. पण दिनकरराव रहिवासी संघाचे सचिव. कुणाच्या घरी पाणी नाही, कुणाला दवाखान्यात न्यायचंय, हा माणूस चप्पल घालून आधी हजर. अशा माणसाला तोंडावर कोण सांगणार? सगळे मूग गिळून बसले.

दिवाळीच्या साफसफाईत नीलाबाईंनी आर्यनचा खण उपसला आणि मी त्यांच्या हाती लागले. त्यांनी मला उलटंपालटं करून पाहिलं. आधी त्यांना वाटलं, चकलीच्या सोऱ्याचा भाग आहे. त्यांनी मला सोऱ्यात बसवूनही पाहिलं. मी कशी बसणार. मग त्यांनी मला कड्यावर उभं केलं आणि म्हणाल्या, "अहो, हे बघा. पेनं ठेवायला छान आहे."

"अच्छा आहे," दिनकरराव म्हणाले. आणि आवाज गिळण्यासाठी जन्मलेली मी हॉलमधल्या टेबलावर पेनं धरून उभी राहिले. मला बूड नाही. मला उचललं की पेनं टेबलावरच पडतात. तरी रोज धूळ पुसताना नीलाबाई मला उचलायच्या, पेनं पसरायची, आणि रोज त्या म्हणायच्या, "अगंबाई."

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण त्याच टेबलावर बसून दिनकरराव तक्रारी लिहायचे. फाटकाबाहेर कुणीतरी अज्ञात दुचाकीस्वार भयंकर आवाज करत जातो, वृद्धांना आणि अभ्यास करणाऱ्या मुलांना त्रास होतो, कृपया कारवाई व्हावी. कधी पोलिसांना, कधी संघाच्या फलकावर. आणि हे लिहायला पेन कुठून घेणार? माझ्यातून. अज्ञात दुचाकीस्वार आतल्या खोलीत पाय पसरून मोबाइल बघत असायचा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. पण बोलणार कशी? माझा जन्मच मुळी गप्प करण्यासाठी.

आता मारुतीरावांचं ऐका, कारण खरी गोष्ट त्यांचीच आहे.

मारुतीराव शेवाळे तळमजल्यावर राहतात. दुसऱ्या मंत्रालयात नोकरी. दिनकरराव आणि ते कॅरमचे जोडीदार. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या कॅरम स्पर्धा होतात, त्यांत ही जोडी वर्षानुवर्षं खेळत आली आहे. दर रविवारी सकाळी मारुतीराव वर यायचे, बोर्डावर पावडर पडायची, आणि त्यांचं उजवं बोट स्ट्रायकरला असं लागायचं की सोंगटी न सांगता भोकात जायची. खेळताना माणूस एक शब्द बोलत नसे. त्या घरात मला आवडणारा तेवढाच एक वेळ होता. टक् असा आवाज व्हायचा आणि पुन्हा शांतता.

एका संध्याकाळी मारुतीराव स्कूटरवरून सरोजिनी नगरहून येत होते. मागून एक मोटारसायकल आली. शेजारून जाताना त्या पोरानं चालत्या गाडीची चावी बंद करून पुन्हा चालू केली. असं केलं की सायलेन्सरमध्ये साठलेलं पेट्रोल एकदम पेटतं आणि बंदुकीसारखा बार होतो. पोरांना त्यात गंमत वाटते. मी जागेवर असते तर तो बार माझ्या पोटात गेला असता. मी नव्हते, मी पेनं सांभाळत होते. मारुतीराव दचकले, हँडल वळलं, स्कूटर दुभाजकावर आदळली आणि उजवं मनगट मोडलं. पोरगा थांबला नाही.

दिनकरराव रात्री उशिरापर्यंत त्यांच्यासोबत दवाखान्यात बसून होते. घरी आले ते संतापानं लाल होऊन. "नंबर बघितलात का, असं मी दहादा विचारलं," ते जेवताना नीलाबाईंना सांगत होते. "म्हणाले, नाही दिसला. माणूस इतका साधा आहे. मी सोडणार नाही त्या हरामखोराला."

आर्यन पोळीचा तुकडा मोडत होता. तो मोडतच राहिला.

दुसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना टेबलाशी उभा राहून तो गौरवशी बोलला. "अरे, वो अपने नीचेवाले काका थे, यार. मिरर में देखा मैंने. लोग उठा रहे थे, तो मैं निकल गया." बोलता बोलता माझ्यातलं एक पेन काढून तो त्याचं टोपण काढघाल करत होता. मला त्याच्या बोटांचा संताप आला. ती बोटं छान वाकत होती.

प्लास्टर निघालं तेव्हा मारुतीरावांची दोन बोटं आखडलेली राहिली. नेमकी स्ट्रायकरची. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा, बघू. तरी रविवारी ते वर यायचे. डाव्या हातानं खेळायचे, स्ट्रायकर भलतीकडे जायचा, आणि दिनकरराव मुद्दाम सोपी सोंगटी चुकवायचे. मग मारुतीराव गेल्यावर पेन उचलून आणखी एक तक्रार.

आणि मग आर्यन पकडला गेला. ऑफिसहून येताना एका वाहतूक हवालदारानं अडवलं, चलान फाडलं आणि बजावलं की सायलेन्सर नीट करून उद्या गाडी दाखव, नाहीतर गाडी जमा. त्या संध्याकाळी तो धाडधाड खण उघडत सुटला.

"आई, माझा जाली कुठे गेला?"

"कसली जाळी?"

"स्टीलचा. होल्सवाला. ह्या ड्रॉवरमध्ये ठेवला होता मी."

नीलाबाईंनी हॉलकडे बोट दाखवलं. दिनकरराव टेबलाशी बसले होते. समोर अर्धी लिहिलेली तक्रार, हात माझ्यातल्या पेनाकडे निघालेला.

"हे तुझं आहे?" ते म्हणाले. "आहे काय हे?"

"बाइकचा पार्ट आहे."

"कुठला?"

"सायलेन्सरचा. त्यानं आवाज कमी होतो."

"मग गाडीत सध्या काय आहे?"

आर्यननं मला घ्यायला हात पुढे केला. दिनकरराव मनातल्या मनात एकेक पायरी उतरत गेले, ते मी पाहिलं. वळण. उतार. आवाज न करता येणारी गाडी. त्यांनी तक्रारीवर हात ठेवला. "मारुतीराव पडले, तेव्हा तू होतास?"

"बाबा, मी जानबूझकर नाही केला. सगळेच करतात."

"आणि थांबला नाहीस."

"लोक आले होते उचलायला."

 नीलाबाई मध्येच म्हणाल्या, "अहो, गाडी जमा झाली तर हा गुरुग्रामला जाणार कसा? नवीन नोकरी आहे. एका दिवसाचं तर आहे. उद्याचं होऊ द्या, मग आपण बोलू त्याच्याशी."

दिनकररावांनी मला उचललं. पेनं टेबलावर पसरली. त्यांनी मला मुलाच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा कामावर गेले. मला सांगू द्या, तो दिवस कसा होता. आग अंगावर आली, धूर आला, इंजिनाची सगळी बोंब माझ्यावर धावून आली, आणि मी ती गिळली. रिंगरोडवर आम्ही एका सायकलरिक्षाच्या शेजारून गेलो आणि रिक्षावाल्यानं मागे वळूनही पाहिलं नाही. त्या न पाहण्याचा मला किती आनंद झाला, ते तुम्हाला कळणार नाही. हवालदारानं गाडी ऐकली आणि जा म्हणाला.

परतताना पेट्रोल पंपाच्या कडेला आर्यननं बोल्ट काढला. मी अजून तापलेली होते. फडक्यात धरून त्यानं मला ओढून काढलं, पिशवीत टाकलं आणि घरी येऊन टेबलावर ठेवलं.

दिनकरराव ऑफिसातून आले. मला बघत उभे राहिले. आता मी चकचकीत नव्हते. आतून काळी, बाहेरून निळसर भाजलेली. मला वाटलं, आता हा माणूस मला उचलेल आणि पोराच्या पुढ्यात आपटेल. त्यांनी मला उचललं खरं. जुन्या वर्तमानपत्रानं पुसलं. मग पुन्हा टेबलावर उभं केलं आणि पसरलेली पेनं एकेक करून माझ्यात ठेवली. अर्धी लिहिलेली तक्रार फाडून टाकली.

आर्यनवर मी चिडले होते, पण तो पोरगा आहे. त्या संध्याकाळी मला जो राग आला, तो बापाचा आला. त्यानंतर फाटकाबाहेरच्या आवाजाबद्दल कुणी बोललं की ते म्हणायचे, "दिल्ली आहे. आवाज तर राहणारच."

पण काजळी काही वर्तमानपत्रानं जात नाही. ती भोकाभोकांत बसते.

पुढच्या रविवारी मारुतीराव आले. बोर्ड मांडला, पावडर टाकली. त्या दिवशी त्यांचा डावा हात कसा कोण जाणे लागला, आणि त्यांनी राणी घेतली. इतक्या दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला. "थांबा, हे लिहून ठेवतो," ते म्हणाले आणि त्यांनी माझ्यातलं पेन उचललं.

पावडरनं पांढरी झालेली त्यांची बोटं काळी झाली.

त्यांनी बोटांकडे पाहिलं. ती नाकाशी नेली. मग माझ्याकडे पाहिलं, माझ्या निळसर भाजलेल्या अंगाकडे, आणि मग दिनकररावांकडे. दिनकरराव बोर्डावरच्या सोंगट्या गोळा करत होते. मान वर करत नव्हते.

"दिनकरराव," मारुतीराव शांतपणे म्हणाले, "हे काय आहे ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. गाडी कुणाची ते पडतानाच दिसलं होतं. पण टेबलावर याच्यात पेनं ठेवलेली बघायचो आणि वाटायचं, या माणसाला काही माहीत नाही. माहीत असतं तर यात पेनं ठेवली नसती. म्हणून कुणी बोललं नाही. आज हे गाडीत जाऊन भाजून आलंय, आणि पेनं पुन्हा यातच आहेत."

दिनकररावांच्या हातातली एक सोंगटी खाली पडली.

मारुतीरावांनी पेन परत माझ्यात ठेवलं, अगदी अलगद. स्वयंपाकघराच्या दारात नीलाबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. "आज चहा नको, वहिनी," ते म्हणाले आणि जिना उतरून गेले. उतरताना कठड्याला डावा हात होता.

त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही. आर्यन गाडी घेऊन बाहेर गेला होता. सोमवारी संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर दिनकररावांनी मला उचललं, पेनं तशीच पडू दिली आणि चप्पल घालून खाली उतरले. फाटकाबाहेरच्या वळणावर जाऊन उभे राहिले. मी त्यांच्या मुठीत होते. 

लांबून आवाज आला. माझ्यावाचून तो अंगावर कसा चालून येतो, ते मीही पहिल्यांदाच उघड्यावर ऐकलं. वळणावर येताच आर्यननं सवयीनं इंजिन बंद केलं. आणि समोर बाप.

"चालू कर," दिनकरराव म्हणाले.

"बाबा, इथे? आत सगळे—"

"चालू कर. चालू गाडी आत घे." आणि हा माणूस, ऑफिसची पँट, पायात चप्पल, मागच्या सीटवर चढून बसला.

आर्यननं गाडी चालू केली. फाटकातून आम्ही आत गेलो तेव्हा रखवालदार उभा राहिला. आवाज भिंतींवर आपटून दुप्पट होऊन परत येत होता. गॅलऱ्यांत माणसं आली. खाली क्रिकेट खेळणारी मुलं बाजूला झाली. कुत्री भुंकायला लागली. दिनकरराव पाठ ताठ ठेवून बसले होते, मला छातीशी धरून, आणि प्रत्येक गॅलरीकडे मान वर करून बघत होते. कुणाकडे बघायचं त्यांनी टाळलं नाही. मारुतीरावांच्या खिडकीशी त्यांनी पोराच्या खांद्यावर हात ठेवला. "थांब. बंद करू नकोस." खिडकीत मारुतीराव होते, त्यांची बायको इंदुमती होती. गाडी तिथं धडधडत राहिली. दिनकररावांनी एक शब्द काढला नाही. त्या आवाजात कुणाचा शब्द ऐकू आला असता?

मग जिन्याशी येऊन त्यांनी मला आर्यनच्या हातात दिलं. "बसव. माझ्यासमोर." पोरानं खाली बसून मला आत सरकवलं. ते लाजेनं की चिडून, मला सांगता यायचं नाही, आणि मला त्याची पर्वाही नाही. बोल्ट बसला.

"आता यापुढे," दिनकरराव म्हणाले, "इंजिन बंद करून आत यायचं नाही. दारापर्यंत चालू गाडी आणायची. लोकांना रोज ऐकू दे."

तेव्हापासून मी जागेवर आहे. रोज संध्याकाळी आम्ही फाटकातून चालू गाडीनं आत येतो, आणि सगळी वसाहत कान देऊन ऐकते की मी आहे की नाही. पण माझा राग गेलेला नाही. मारुतीराव अजून वर आलेले नाहीत. कॅरमचा बोर्ड भिंतीला टेकवून ठेवलाय, त्याची पावडरही कुणी पुसली नाही. दोन बोटं आखडलेली आहेत ती आहेतच. आणि मी अजून त्याच एका बोल्टवर आहे, जो कुणालाही चहा पिता पिता काढता येतो. मला वेल्डिंग करून टाका, असं मी कुणाला सांगू?

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्याही घरात एखाद्या खणात, जुन्या चार्जरांच्या खाली, माझी एखादी बहीण पडलेली असेल. सापडली तर तिला उचला आणि आधी विचारा, ही इथं आहे, तर गाडीत काय आहे. उत्तर मिळेपर्यंत तिच्यात पेनं ठेवू नका.